रंतिदेवाचे मागणे आणि पंडिता रमाबाई

चैत्र लागला की कृष्णाकाठच्या आमच्या वाईत उत्सवाचे दिवस सुरू होतात. पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या राहतात, रामाचे नवरात्र बसते आणि रामजन्माच्या माध्यान्हीपर्यंत रोज सायंकाळी कीर्तन होते. गेली चाळीस वर्षे या दिवसांतील एक सायंकाळ आम्ही राजा रंतिदेवाच्या आख्यानासाठी राखून ठेवीत आलो आहोत. याच सुमारास, कधी आधी तर कधी मागून, आपल्या ख्रिस्ती बांधवांचा गुड फ्रायडे येतो. आपल्याकडे रामजन्माचा पाळणा हलतो, त्यांच्याकडे वधस्तंभावरील मरणाचे स्मरण होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनातही आले नव्हते. तो संबंध कसा जुळला, ते आज या पानाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. सांगताना स्वतःचे एक उणे प्रथम सांगावे लागेल. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या लहानपणी घरात वडिलांच्या आत्या होत्या. सारे घर त्यांना सोवळ्या आजी म्हणत असे. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि पुढे साठ वर्षे लाल आलवण. वडील कीर्तनास उभे राहिले की त्या सभामंडपाच्या शेवटच्या खांबाआड बसत. एका एकादशीला रात्री, ओसरीवर निजानीज झाल्यावर, त्यांनी वडिलांना विचारलेला प्रश्न आम्ही अंथरुणातून ऐकला. त्या म्हणाल्या, “बाळ, तू एवढं शास्त्र वाचलंस. मग हे माझ्याच वाट्याला का आलं, ते सांग की मला.” वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आत्या, पूर्वसंचित. भोगून संपवायचं.” सोवळ्या आजींनी मान हलविली. पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. वडिलांचे उत्तर शास्त्राला धरून होते. ते देताना त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मात्र त्या उत्तराने आजी खांबाआडून पुढे आल्या नाहीत, एवढे खरे.

पुढे आम्ही संस्कृत शिकलो, व्यासपीठावर उभे राहिलो, आणि तेच उत्तर शेकडो श्रोत्यांना दिले. ज्या दिवशी ते आमच्याच घरात द्यावे लागले, त्या दिवशी त्याचे वजन कळले. बारा वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाला कर्करोगाने गाठले. दीड वर्ष त्या अंथरुणाला खिळून होत्या. एका पहाटे वेदना असह्य झाल्यावर त्यांनी विचारले, “अहो, मी असं काय केलं होतं?” आणि आमच्या मुखातून, चाळीस वर्षांच्या सवयीने, शब्द निघाला, “प्रारब्ध.” त्यांनी काही न बोलता भिंतीकडे तोंड फिरविले. तो क्षण आम्ही आजवर विसरलो नाही.

त्या दिवसांत जखमा धुण्यासाठी एक परिचारिका घरी येत असत. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या. ज्या कामाला आमचेच आप्त नाक मुरडीत, ते काम त्या इतक्या हळुवारपणे करीत की आमचे कुटुंब त्यांच्या येण्याची वाट पाही. एकदा आम्ही विचारले, “बाई, तुम्हांला किळस येत नाही?” त्या म्हणाल्या, “बुवा, माझा थोरला मुलगा माझ्या मांडीवर गेला. ते का झालं, ते मला अजून कळलेलं नाही. पण झालं म्हणून काकूंचं दुखणं मला कळतं. वधस्तंभावर टांगलेल्या देवाची मी लेकरू. त्यानं सोसलं ते दुसऱ्यासाठी. मग माझं सोसणं नुसतं माझ्याजवळ ठेवून काय करू?” मग सहज म्हणाव्या तशा त्या म्हणाल्या, “आमची पणजी दुष्काळात उचलून आणलेली पोर. केडगावच्या रमाबाईंनी वाढवलेली. हे घराण्यातच आहे आमच्या.”

पंडिता रमाबाईंचे नाव आम्हांस अपरिचित नव्हते. पण ते एक विदुषी आणि धर्मांतर केलेली बाई एवढेच. त्या रात्रीपासून आम्ही त्यांचे चरित्र आणि त्यांचे स्वतःचे लेखन वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की ही कथा परक्याची नाही. ही एका पुराणिकाच्या घरची, म्हणजे आमच्याच घरची कथा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकावे, या मतापायी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. पुढे त्याच माउलीने आपल्या कन्येला शिकविले. आश्रमात येणाऱ्या अतिथींचे आणि विद्यार्थ्यांचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबोवांचे द्रव्य सरले, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. देवळाच्या मंडपात बसावे, पोथी वाचावी, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा. त्या वाटचालीतच रमाबाईंना भागवत मुखोद्गत झाले.

१८७० नंतरच्या त्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. भांडीकुंडी, वस्त्रे, होते नव्हते ते विकले गेले. कित्येक दिवस झाडपाला आणि पाणी यांवर काढावे लागले, हे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईचे प्रेत उचलावयाला माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खांद्याच्या ठिकाणी ही कोवळी मुलगी. उंची पुरेना, म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले, असे चरित्रात सांगितले आहे. पुराणिकाच्या व्यवसायातला कोणीही हे वाचून स्वस्थ बसू शकणार नाही. ज्या मंडपात त्या कुटुंबाने पोथी वाचली, तेथील श्रोते देवाची कथा ऐकून घरी गेले, आणि कथा सांगणारे उपाशी राहिले.

पुढे बहीणभाऊ पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु दुःखाचा पाठलाग संपला नव्हता. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा घास घेतला. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर, आणि समाजाच्या लेखी विधवा. आमच्या सोवळ्या आजींचा प्रश्न या बाईने किती वेळा स्वतःला विचारला असेल!

पतीच्या संग्रही असलेले लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांनी आसामातच पाहिले होते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील एका आश्रमात नेले होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथे चालत असे. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. जिच्याशी बोलणेही त्या काळी अनुचित मानले जाई, तिच्याकडे पाणी मागणारा आणि तिला जीवनाचे पाणी देऊ करणारा ख्रिस्त त्यांना त्या कथेत भेटला. आम्ही परिचारिकेला विचारलेला प्रश्न आणि रमाबाईंचा हा प्रश्न यांत अंतर फारसे नाही, असे वाचताना वाटले.

इथे वाचकांपैकी काहींच्या कपाळावर आठी उमटेल, हे आम्ही जाणतो. धर्मांतराने महाराष्ट्र दुखावला, ही गोष्ट खरी. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. आणि १८९३ मध्ये तेथील मुलींच्या धर्माविषयी वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आपल्या शास्त्रांविषयी रमाबाईंनी जे लिहिले, ते सगळेच आम्हांस मान्य नाही. परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही पाहावी. याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा पुनर्विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि त्यानंतर अण्णांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य उभे राहिले. शिवाय स्वतः रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. आणि क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा हट्ट त्यांनी इंग्लंडात वडीलधाऱ्या भगिनीजवळ धरला. डोंगरेशास्त्र्यांची लेक धर्म बदलूनही आपली भाषा सोडावयास तयार नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ख्रिस्ती श्रद्धेने रमाबाईंना त्यांच्या दुःखाचे कोणते उत्तर दिले? प्रामाणिकपणे पाहिले तर ‘का’ या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, आणि ईश्वराचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे असे सांगून त्याला दृष्टी देतो. प्रश्न मागे पाहणारा होता, उत्तर पुढे पाहणारे आले. दुःख कोठून आले यापेक्षा त्यातून आता काय घडू शकते, याकडे त्याने शिष्यांचे लक्ष वळविले.

आणि ख्रिस्ती धर्मात दुःख गोड मानलेले आहे, असेही कोणी समजू नये. गेथशेमनेच्या बागेत स्वतः येशूने हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. वधस्तंभावर त्याने देवाला, मला का टाकलेस, असे विचारले. जो धर्म आपल्या प्रभूच्या मुखी असा आक्रोश येऊ देतो, तो दुःखिताला गप्प राहा असे म्हणू शकत नाही. तो इतकेच सांगतो की तू एकटा सोसत नाहीस, देव स्वतः तुझ्या सोसण्यात उतरला आहे. त्यापुढे एक जबाबदारीही येते. ज्याला दुःखात सांत्वन लाभले, त्याने ते दुसऱ्या दुःखिताला द्यावे, असा भाव संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहे.

रमाबाईंच्या बाबतीत हे एका दिवसात घडले नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त आता भेटला, असे त्यांना जाणवले; तसे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. त्या भेटीची परीक्षा १८९६-९७ मध्ये झाली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, आणि वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावरील केडगावच्या माळावर त्यांनी वसाहत उभी केली. तिचे नाव ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, सारे स्त्रियांच्या हाती. टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले; मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचावयास शिकवू लागल्या.

वाचकहो, याच ठिकाणी आमचे डोळे उघडले. उपासमार तीच. तिने आई नेली, वडील नेले, बहीण नेली. तिला केवळ संचित म्हणून भोगून संपविले असते, तर ती संपली असती आणि तिच्याबरोबर तिची आठवणही गेली असती. रमाबाईंनी ती संपू दिली नाही. भुकेलेल्या मुलीचे डोळे कसे दिसतात, हे त्यांना पोथीवरून शिकावे लागले नव्हते. दुष्काळ त्यांनी मागितला नव्हता, आणि तो आला म्हणून बरे झाले असेही त्या म्हणाल्या नाहीत. पण जे आले, त्याचे तोंड त्यांनी दुसऱ्याच्या दिशेने फिरविले. दुःखाला हेतू असतो की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. दुःखाला हेतू देता येतो, एवढे केडगावच्या माळावर सिद्ध झाले.

अखेरच्या वर्षांत हीब्रू आणि ग्रीक मूळ समोर ठेवून त्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, निवर्तली. आईवडील, भावंडे, पती आणि आता कन्या. तरीही लेखणी थांबली नाही. ते भाषांतर पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा आपल्या भागवताकडे वळलो. नवव्या स्कंधातला रंतिदेव आमच्या जिभेवर चाळीस वर्षे होता. अठ्ठेचाळीस दिवस अन्नपाण्यावाचून गेलेल्या त्या राजाच्या पुढे ताट येते. अतिथी येतो, त्याला वाटा दिला जातो. दुसरा येतो, त्यालाही. कुत्री घेऊन तिसरा येतो, उरलेले सर्व त्याला जाते. शेवटी उरते घोटभर पाणी, आणि ज्याला गावाने बाहेर ठेवले असा तहानलेला दारात उभा राहतो. राजा तेही देतो. त्या वेळी तो ईश्वराजवळ काय मागतो? सिद्धी मागत नाही, मोक्षही मागत नाही. सर्व प्राण्यांच्या अंतरी आपण राहावे, त्यांचे दुःख आपण सोसावे आणि ते दुःखमुक्त व्हावेत, एवढेच त्याचे मागणे. आणि पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाजवळ विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते.

रमाबाईंना भागवत पाठ होते. या अध्यायांवरून त्यांची जीभ लहानपणी असंख्य वेळा फिरली असेल. मग हे त्यांना आपल्याकडे का सापडले नाही? याचे उत्तर आम्हां कीर्तनकारांनी आपल्या छातीवर हात ठेवून द्यावे. रंतिदेव आम्ही उत्तररंगात सांगितला, टाळ्या घेतल्या, बुक्का लावला आणि घरी गेलो. खांबाआड बसलेल्या सोवळ्या आजींपर्यंत तो पोहोचलाच नाही. त्यांच्या वाट्याला आले ते ‘संचित’. कर्माचा सिद्धांत खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो प्रत्येकाने स्वतःच्या आचरणाला लावावयाचा आहे. मी उद्या काय भोगीन ते आज काय करतो यावर ठरेल, हा त्याचा उपयोग. दुसऱ्याच्या दुखण्यावर निकाल देण्यासाठी ऋषींनी तो सांगितला नव्हता. दुसऱ्याचे दुखणे दिसले की तेथे रंतिदेव आठवावयाचा.

आता घरची गोष्ट पुरी करतो. भिंतीकडे तोंड फिरविलेल्या आमच्या कुटुंबापुढे आम्ही एके दिवशी बसलो आणि म्हणालो, “त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकलं. का, ते आम्हांला ठाऊक नाही.” त्या बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, “एवढंच म्हणायचं होतं तुम्ही.” मग काही दिवसांनी त्यांनी शेजारच्या घरातील मुलीला बोलावून घेतले. नवऱ्याने टाकलेली, दोन वर्षे माहेरच्या माजघरात तोंड लपवून बसलेली. रोज दुपारी ती येई. तिला शब्दांत धीर देण्याइतकी ताकद आमच्या कुटुंबापाशी नव्हती. त्या नुसते तिचे ऐकून घेत. अखेरच्या चार महिन्यांत त्यांचा विष्णुसहस्रनामाचा पाठ चुकला नाही, आणि त्या मुलीचे येणेही चुकले नाही. वेदना कमी झाल्या नाहीत. पण पुन्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले नाही. ती मुलगी पुढे शिकली आणि आज आपल्या पायावर उभी आहे. त्या गेल्या त्या दिवशी परिचारिकाबाईंनी उशाशी बसून आपल्या पद्धतीने प्रार्थना केली. आम्ही गंगाजल घातले. एकाचे दुसऱ्याला अडले नाही.

तेव्हापासून रंतिदेवाचे आख्यान लावले की आम्ही पूर्वरंगात पंडिता रमाबाईंचे नाव घेतो. पहिल्या वर्षी काही ज्येष्ठ श्रोते नाराज झाले. आम्ही त्यांना इतकेच म्हणालो, की पुराणिकाच्या उपाशी लेकीला आपण मंडपात एक घास दिला नाही. निदान तिचे स्मरण तरी मंडपात होऊ द्या. आता कोणी काही म्हणत नाही.

ज्याने त्याने आपल्या घरच्या देवाला धरून राहावे, हे आम्ही पूर्वीही सांगत होतो आणि आजही सांगतो. परंतु शेजारच्या घरी दिवा अधिक स्वच्छ तेवत असेल, तर आपल्या दिव्याची काजळी झाडावी, यात कमीपणा नाही. या उत्सवात रामजन्माची सुंठवडा वाटून झाली की, वाचकहो, आपापल्या घरात आणि आळीत एकदा पाहावे. खांबाआड कोणी बसले आहे काय? असेल तर तिला संचित सांगू नये. तिच्याजवळ जाऊन बसावे. आपल्याही वाट्याला कधीतरी जे दुःख येऊन गेले, ते त्या वेळी उपयोगी पडेल.